तिसरं नाव कुणी खाल्लं?

बोरीवर बसणारं एक पांढरं, काळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू आपल्याकडे कागदोपत्री वाघाच्या पंगतीला बसवलं गेलंय. हे खोटं आहे, आणि हे खोटं एका रिपोर्टमधून दुसऱ्या रिपोर्टमध्ये कॉपी-पेस्ट होत राहिलंय. माझं भांडण त्या कॉपी-पेस्टशी आहे, फुलपाखराशी नाही.

फुलपाखरू तुम्ही पाहिलेलं आहे, नाव माहीत नसेल एवढंच. आमच्या बीड जिल्ह्यात, पाटोद्यापासून अंबाजोगाईपर्यंत, पाऊस उघडल्यावर कुठल्याही बांधावरच्या बोरीजवळ थोडा वेळ उभं राहा. अंगठ्याच्या पेराएवढं काहीतरी जमिनीलगत भिरभिरत येईल आणि ओल्या मातीवर पंख मिटून बसेल. पांढऱ्या कपड्यावर फाउंटन पेन झटकल्यासारखे काळे ठिपके, मागच्या पंखाला केसाएवढी बारीक शेपटी. इंग्रजीत त्याला कॉमन पिएरो म्हणतात. पिएरो म्हणजे युरोपातल्या जुन्या नाटकांतला पांढऱ्या झग्यातला विदूषक. शास्त्रीय नाव कास्टॅलियस रोसिमॉन. लिनियसचा शिष्य योहान फाब्रिसियस याने १७७५ साली त्याचं वर्णन केलं, तेव्हा सगळीच फुलपाखरं ‘पॅपिलिओ’ या एकाच गोणीत भरलेली असायची, म्हणून हेही आधी त्याच गोणीत होतं. पुढे गोण्या वेगळ्या झाल्या. याची अळी बोरीची पानं खाते. बोर आमच्याकडे कुणी लावत नाही, ती आपोआप येते. संक्रांतीच्या सुगडात बोरं लागतात, लेकराच्या बोरन्हाणाला बोरं लागतात, म्हणून ती बांधावर सहनही केली जाते. जिथे बोर तिथे हे फुलपाखरू, इतका साधा हिशेब आहे.

आता देशभरातल्या फुलपाखरांच्या सर्वेक्षणांच्या याद्या उघडा. कॉलेजचे प्रोजेक्ट, शोधनिबंध, कॅम्पसची जैवविविधता, सगळं पीडीएफमध्ये फुकट मिळतं. कॉमन पिएरोच्या ओळीत शेवटच्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसेल: ‘वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, अनुसूची एक’. अनुसूची एक म्हणजे वाघ, हत्ती, मोर, काळवीट यांची रांग. या रांगेतल्या प्राण्याची शिकार केली तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद. दंड आधी किमान दहा हजार होता, २०२२ च्या दुरुस्तीने तो किमान पंचवीस हजार केला. म्हणजे नायगावच्या मयूर अभयारण्यातला मोर आणि त्याच अभयारण्याच्या कुंपणाबाहेरच्या बोरीवरचं हे ठिपक्यांचं पाखरू, दोघांना एकच कवच.

फक्त कायद्यात तसं लिहिलेलं नाही.

जुन्या अनुसूची एकमध्ये जी नोंद होती ती अशी: कास्टॅलियस रोसिमॉन अलारबस. तीन शब्द. तिसरा शब्द म्हणजे उपप्रजाती. आणि अलारबस ही उपप्रजाती आहे निकोबार बेटांवरची. बीडपासून सरळ रेषा मारली तर दोन हजार किलोमीटरहून लांब, बंगालच्या उपसागराच्या पार, अंदमानच्याही खाली, टेन डिग्री चॅनेल नावाची सुमारे दीडशे किलोमीटर रुंद सामुद्रधुनी ओलांडल्यावर. कायद्याला त्या बेटावरचं पाखरू वाचवायचं होतं. आपण तिसरा शब्द खाल्ला आणि ते कवच घरच्या बोरीवर आणून ठेवलं.

ज्यांना हे किरकोळ वाटतंय त्यांनी एकदा तलाठ्याकडे जाऊन यावं. आमच्या गावात एकच नाव आणि एकच आडनाव असलेले चार जण आहेत. त्यांना वेगळं ठेवतं ते वडिलांचं नाव. सातबाऱ्यावर ते गळलं तर पीकविम्याचे पैसे भलत्याच्या खात्यात जातात, आणि मग जो राडा होतो तो निस्तरायला चपला झिजतात. तेव्हा कुणी म्हणत नाही की अहो, आडनाव तर जुळतंय ना, सोडून द्या. फुलपाखराच्या बाबतीत मात्र आपण बिनधास्त सोडून देतो. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ज्या तीन रकान्यांनी मिळून ओळख ठरते त्यातला एक रकाना उडवून आपण दोन टेबलं जोडतोय. प्रोग्राम एरर देत नाही. तो खुशाल चालतो आणि चुकीचं उत्तर देतो. एरर आली असती तर परवडलं असतं.

हे तिसरं नाव येतं कुठून ते समजून घ्या, कारण त्यातच सगळी गोम आहे. पहिलं नाव भावकीचं, म्हणजे कास्टॅलियस. दुसरं घराचं, म्हणजे रोसिमॉन. आणि त्या घरातलं कुणी लांब जाऊन वेगळी वस्ती करून राहिलं, पिढ्यानपिढ्या येणं-जाणं तुटलं, तोंडवळा थोडा बदलला, की त्या वस्तीला तिसरं नाव. बेटावर हे फार होतं. वाऱ्याने म्हणा, वादळाने म्हणा, कधीतरी थोडी फुलपाखरं समुद्रापार जातात. परतीची वाट नसते. जी काही रंगरूपाची शिदोरी त्या थोड्यांकडे असते तीच पुढच्या सगळ्यांची होते. ठिपके लहान-मोठे होतात, कडा रुंद-अरुंद होतात. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या जर्मन माणसासमोर दोन्हीकडचे नमुने टाचणीला टोचून शेजारी शेजारी आले की तो म्हणायचा, हे वेगळं. अलारबस हे नाव देणारा हान्स फ्रुहस्टॉर्फर असाच. १८६६ ते १९२२ हा त्याचा काळ. जावा, सेलेबीस, लोम्बोक असा हिंडलेला, फुलपाखरं जमवणारा आणि विकणाराही. त्याने बेटामागून बेटाला इतकी तिसरी नावं वाटली की पुढच्या अभ्यासकांचं अर्धं आयुष्य ती तपासण्यात गेलं. ज्या वस्तीचं वर्णन आधी झालं तिच्या वाट्याला मूळ नावच दोनदा येतं. म्हणून आपल्या बांधावरचं फुलपाखरू कास्टॅलियस रोसिमॉन रोसिमॉन. ऐकायला हाक मारल्यासारखं वाटतं, पण अर्थ नेमका आहे: हे मुख्य भूमीवरचं, बेटावरचं नव्हे.

महाराष्ट्राला हा फरक अनोळखी असायचं कारण नाही. २०१५ साली आपण ब्लू मॉर्मन, म्हणजे राणी पाकोळी, हे राज्य फुलपाखरू जाहीर केलं. राज्य फुलपाखरू जाहीर करणारं देशातलं पहिलं राज्य म्हणून मिरवलोही. त्याच प्रजातीची श्रीलंकेतली वस्ती वेगळी मानली जाते, तिचं तिसरं नाव पारिंदा, फ्रेडरिक मूरने १८८१ मध्ये दिलेलं. उद्या श्रीलंकेने पारिंदासाठी एखादा कायदा केला तर आंबोलीतल्या राणी पाकोळीला तो लागू झाला असं कुणी म्हणेल का? हसू येईल. पण निकोबार आपल्याच देशात असल्यामुळे हसू येत नाही एवढंच.

कायद्यातल्या यादीचीही बाजू घेण्यासारखी नाही. कायदा १९७२ चा, फुलपाखरांच्या लांबलचक याद्या त्यात नंतर जोडल्या गेल्या, आणि त्या वाचताना वाटतं की एखाद्या म्युझियमचा जुना कॅटलॉग कुणीतरी टाइपरायटरवर उतरवून काढलाय. स्पेलिंगच्या चुका तशाच. लाल अंगाचं, काळ्या पंखांचं क्रिमसन रोझ जुन्या यादीत ‘पॉलिडोरस हेक्टर’ म्हणून होतं. लिनियसने त्याला पॅपिलिओ म्हटलं होतं, मधल्या पुस्तकांत ते अ‍ॅट्रोफॅन्यूरा झालं, आता पॅक्लिओप्टा म्हणतात. जीव एक, भावकी चार वेळा बदललेली, आणि जुन्या यादीत नाव मात्र अपडेट झालेलं नव्हतं. कॉमन माइम नावाच्या फुलपाखराचा तर उपप्रजातीच्याही पुढे जाऊन ‘कॉमिक्सटस’ हा एक रंगप्रकार तेवढा यादीत टाकला होता. म्हणजे एकाच आईच्या, पण वेगळ्या रंगाच्या भावंडांना वेगळा न्याय. आणि आपल्या पिएरोच्या बाबतीत तर सापळाच लावून ठेवला होता: डावीकडे तीन शब्दांचं शास्त्रीय नाव, त्याच्यासमोर इंग्रजी नाव मात्र नुसतंच ‘कॉमन पिएरो’. घाईत असलेला माणूस उजवीकडचा रकाना वाचणार हे उघड आहे.

पण सापळा दिसल्यावरही त्यात पाय घालणं हा वेगळा विषय. मराठवाड्यातल्या एका कॉलेजच्या कॅम्पसची यादी माझ्या हाती आली होती. त्यात पिएरोसमोर अनुसूची एक. ज्यांनी ती केली त्या सरांना फोन करून मी अलारबसचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘बरोबर आहे तुमचं. पण सगळे असंच लिहितात. आणि नॅकच्या फाइलला एक-दोन अनुसूची एकवाले असले की बरं दिसतं.’’ मला त्या माणसाचा राग आला नाही. त्याने खरं सांगितलं. नॅकला ग्रीन ऑडिट लागतं, ग्रीन ऑडिटला जैवविविधता लागते, आणि जैवविविधतेला मेडल लागतं. वाघ नसलेल्या कोरडवाहू जिल्ह्यात मेडल कुठून आणणार? बोरीवरून.

गावपातळीवरही तेच. जैविक विविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही हवी. वर्षानुवर्षं ती कागदावरच राहिली. मग राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातली, ३१ जानेवारी २०२०, नाहीतर राज्याने महिन्याला दहा लाख भरायचे. आता मुदतीत हजारो नोंदवह्या कशा तयार होतात हे ज्याने सॉफ्टवेअर कंपनीत एकदा तरी रिलीजच्या आदल्या रात्री काम केलंय त्याला सांगावं लागत नाही. टेम्प्लेट घ्या, गावाचं नाव बदला, सेव्ह अ‍ॅज. गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत असलेल्या गोष्टी, कुठल्या नाल्यात कुठलं गवत, कुठल्या माळावर कधी तितर, या वहीत यायला हव्या होत्या. त्याऐवजी इंटरनेटवरच्या यादीचं शेपूट येतं, तेही कापलेलं.

यावर निसर्गप्रेमी मित्रांचा ठरलेला युक्तिवाद असतो: जास्तीचं संरक्षण मिळालं तर बिघडलं कुठे? उद्या एखादा रस्ता, एखादी खाण माळावर येणार असेल तर ‘इथे अनुसूची एकचं फुलपाखरू आहे’ म्हणून अडवता येईल की. हेतू चांगला आहे. पण समोरची बाजू वाचता न येणारी आहे असं का धरून चालता? प्रकल्पवाल्यांकडे पगारी सल्लागार असतात, वकील असतात. त्यातला एक जण कायदा उघडणार, तिसरा शब्द वाचणार, आणि सुनावणीत विचारणार, ‘‘आपण निकोबारला राहता का?’’ त्या एका प्रश्नात तुमचा पूर्ण रिपोर्ट गेला. त्यातली खरीखुरी नोंद, माळढोकाच्या जुन्या जागेची, तणमोराची, लांडग्याच्या बिळाची, तीही त्याच पुराव्याच्या गठ्ठ्यात असते. एका खोट्या मेडलने सगळ्या गठ्ठ्याची पत जाते.

दुसरं, ‘अनुसूची’ हा रकाना जीव दुर्मीळ आहे की नाही हे सांगतच नाही. डॅनेड एगफ्लाय नावाचं फुलपाखरू जुन्या अनुसूची एकमध्ये पूर्ण प्रजाती म्हणून होतं, तिसऱ्या नावाची भानगड नाही. त्याची अळी काय खाते? घोळ. तीच घोळ जिची भाजी होते आणि जी सोयाबीनच्या पाटात खुरपून खुरपून बायकांच्या पाठीचा काटा ढिला होतो. नर काळा, पंखांवर जांभळट कडेचे पांढरे गोल. मादी मात्र रुईवरच्या प्लेन टायगरची हुबेहूब नक्कल. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत सापडतं. पंगतीत मात्र वाघाशेजारी.

आणि तुरीवरच्या पी ब्लूचं काय? निळसर करडं, शेपटीवालं, तुरीच्या, चवळीच्या, वालाच्या फुला-शेंगांवर अंडी घालणारं. लिनियसने १७६७ मध्ये त्याला नाव दिलं, आणि आज ते युरोपपासून ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. एकोणिसाव्या शतकात ते हवाईलाही पोचलं, जिथे मूळची अशी फुलपाखरं दोनच. इतका फिरस्ता जीव जगात विरळा. सर्वेक्षणांच्या याद्यांत त्याच्यासमोर लिहिलेलं असतं: अनुसूची दोन. जुन्या कायद्यात अनुसूची दोनच्या दुसऱ्या भागालाही शिक्षा अनुसूची एकचीच, तीन ते सात वर्षं. आणि शिकारीच्या व्याख्येत विष घालणंही येतं. आता बीडमध्ये तूर किती आहे ते आठवा. फुलोऱ्यात बीडीएन-७११ चं रान उभं आहे, शेतकरी पाठीवर पंप घेऊन इमामेक्टिन मारतोय. मारतोय घाटेअळीवर, पण अळ्या काही आधार कार्ड दाखवून मरत नाहीत. या याद्या जर खऱ्या धरल्या तर गेवराई, माजलगाव, केज, धारूर इथले कोरडवाहू शेतकरी दर हंगामाला सात वर्षांच्या कैदेला पात्र आहेत. अर्थात कुणी त्यांना पकडत नाही, पकडूही नये. पण जो प्राध्यापक त्या ओळीत ‘अनुसूची दोन’ टाइप करतो तो त्याच विद्यापीठाच्या परिसरातल्या शेतीसल्ल्याच्या पत्रकात शेंगा पोखरणाऱ्या अळ्यांवर कुठलं औषध मारायचं हेही वाचत असतो. दोन्ही कागद एका टेबलावर, आणि त्यांची कधी ओळखच होत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. पाखराला सात वर्षांचं कवच दिल्याचा आव आणायचा आणि ज्या झाडावर त्याची अळी वाढते त्या झाडाला? महाराष्ट्रात झाडं तोडण्याचं नियमन करणारा कायदा १९६४ चा आहे. त्याच्या यादीत सोळा प्रकारची झाडं: साग, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, जांभूळ वगैरे. बोर त्यात नाही. रस्ता रुंद झाला, बोर गेली. बांधावर जेसीबी फिरला, बोर गेली. ठिबकची लाइन टाकायची म्हणून गेली. ऊसतोडीला गेलेली माणसं सहा महिन्यांनी परत येतात तेव्हा वाटेवरच्या ओळखीच्या बोरी दिसत नाहीत, आणि त्याची नोंद जगातल्या कुठल्याच रजिस्टरात नसते. कॉलेजच्या फाइलमध्ये मात्र ‘अनुसूची एक: एक प्रजाती’ ही ओळ वर्षानुवर्षं तशीच. झाडं संपली तरी ती ओळ संपणार नाही, कारण ती झाडाकडे बघून लिहिलेलीच नव्हती.

आणि ज्याच्यासाठी कायद्याने ती ओळ लिहिली होती त्या बेटावरच्या अलारबसकडे बघा. निकोबारच्या साखळीवर २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. कार निकोबारसारख्या सपाट बेटावर समुद्र आत शिरला, किनारे खचले, वस्त्या गेल्या. दक्षिणेकडच्या ग्रेट निकोबारवर आता बंदर, विमानतळ आणि नव्या शहराचा प्रकल्प येतोय. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळवायला २०२२ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली आहे. बेटावरच्या उपप्रजातीला पळून जायला दुसरा तालुका नसतो. तिच्याबद्दल प्रश्न विचारायचे तर ‘कास्टॅलियस रोसिमॉन अलारबस’ असा सर्च मारावा लागेल. आपण मुख्य भूमीवरच्या शेकडो याद्यांमध्ये नुसतं दोन शब्दांचं नाव आणि अनुसूची एक असा चिखल करून ठेवलाय की बेटावरच्या पाखराची खबर त्यात सापडणंच कठीण. कागद बघणारा अधिकारी म्हणेल, हे तर सगळ्या देशात आहे, कॉलेजच्या कॅम्पसमध्येसुद्धा आहे, काळजी कसली? आपल्या खोट्या मेडलची किंमत असं त्या बेटाला मोजावी लागू शकते.

यावर वर्गीकरणवाल्यांचा एक तिरका बाण येतो, तो मात्र गंभीर आहे. ते म्हणतात, उपप्रजाती ही गोष्टच मुळात डळमळीत. १९५३ मध्ये एडवर्ड विल्सन आणि विल्यम ब्राउन या दोघांनी लेख लिहून तिसऱ्या नावाच्या पद्धतीवरच हल्ला चढवला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एका लक्षणाने रेषा मारली तर एक नकाशा मिळतो, दुसऱ्या लक्षणाने मारली तर दुसरा. मग तिसरं नाव देणारा माणूस आपल्या आवडीचं लक्षण निवडतो आणि त्यालाच निसर्ग म्हणतो. फ्रुहस्टॉर्फरसारख्या उदार हाताच्या माणसाकडे बघितलं तर हा आक्षेप पटतो. जनुकीय तपासणीत त्याची कित्येक नावं टिकणार नाहीत अशी शक्यता मलाही वाटते. पण मग तसं उघड म्हणा ना. निकोबारचे नमुने आणि मुख्य भूमीचे नमुने घ्या, डीएनए वाचा, दोन्ही एकच निघाले तर लिहा की अलारबस हे वेगळं नाव ठेवायचं कारण नाही, आणि कायद्यातून ते काढायची मागणी करा. तो विज्ञानाचा रस्ता आहे. गुपचूप तिसरा शब्द खोडून उरलेल्या दोन शब्दांवर शिक्का मारणं म्हणजे तो वाद जिंकणं नव्हे. तो वाद झालाच नाही असं दाखवणं आहे.

मला माहीत आहे, आपल्यापैकी बहुतेकांचा फुलपाखरांशी संबंध मोबाइलच्या कॅमेऱ्यापुरता आहे. फोटो काढला, अ‍ॅपने दोन शब्दांचं नाव दिलं, खाली कुणीतरी ‘अनुसूची एक, रेअर साइटिंग’ म्हणून कमेंट टाकली, दोनशे लाइक. अ‍ॅपचा दोष नाही. अ‍ॅप फोटोवरून प्रजातीपर्यंत नेतं. पुढचा शब्द फोटो कुठे काढला यावरून ठरतो, आणि ते तुम्हाला माहीत असतं. पाटोद्यात काढला की अलारबस नाही, विषय संपला. इतकं तपासायला दोन मिनिटं पुरतात. ‘रेअर’ म्हणायची खाज मात्र आवरत नाही. जणू जे नेहमीचं आहे ते बघण्यालायकच नाही. गावाकडे बोरीवर हजार पिएरो उडत असतील तर ती आनंदाची बातमी आहे, तिला दुर्मिळतेचा मेकअप कशाला?

२०२२ च्या दुरुस्तीने सहा अनुसूचींच्या चार केल्या, १ एप्रिल २०२३ पासून त्या लागू झाल्या. मी पाहिलेल्या रिपोर्टांमधला रकाना तरीही जुन्याच छापाचा चालू आहे, आणि यादी नवी असो की जुनी, दोन शब्द जुळले की शिक्का मारायची सवय तीच राहणार असेल तर अनुसूची चार काय आणि चाळीस काय.

म्हणून माझी मागणी कायद्याच्या आधी यादी करणाऱ्यांकडे आहे. कॉलेजच्या, पंचायतीच्या, हौशी ग्रुपच्या. संरक्षणाचा रकाना भरण्याआधी राजपत्रातली मूळ ओळ उघडा आणि शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. तिथे तिसरं नाव असेल तर ते तुमच्या गावाला लागू आहे का ते बघा. लागू नसेल तर रकाना मोकळा ठेवा. मोकळ्या रकान्याने कुणाचं नॅकचं ग्रेड जात नाही, आणि जात असेल तर जाऊ द्या. त्या जागी जे खरंच माहीत आहे ते लिहा: कास्टॅलियस रोसिमॉन रोसिमॉन, अमुक गट नंबर, बांधावरची बोर, पानाखाली अंडी दिसली ती तारीख. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा जा. बोर असेल तर फुलपाखरं मोजा, नसेल तर ‘बोर तोडली’ एवढं लिहा, कुणी आणि कशासाठी तेही विचारून लिहा.